तुला वास येतो का?

बाविसाव्या वर्षीही माझा आवाज फुटला नव्हता. मिसरूड नव्हतं, काखेत केस नव्हते. फोन उचलला की पलीकडचा माणूस हमखास विचारायचा, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?" उंची मात्र वाढतच होती आणि हातपाय अंगाच्या मानाने जास्तच लांब झाले होते. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून आई मला डॉक्टरांकडे नेत होती. उत्तर दरवेळी तेच मिळायचं: काही मुलं उशिरा वयात येतात, काळजी करू नका, वाट बघा. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी वजन वाढवायला सांगितलं. तिसऱ्यांनी आईला बाहेर बसवून मला विचारलं, मुलींबद्दल काही वाटतं का? मी गप्प बसलो, तर त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं.

माझ्या आजाराचं नाव कॅलमन सिंड्रोम. साधारण ३०,००० पुरुषांत एकाला तो असतो असा अंदाज आहे. स्त्रियांनाही होतो, पण बराच कमी. आजार जन्मजात आहे, म्हणजे बाविसाव्या वर्षी जे निदान झालं ते पहिल्या दिवसापासून माझ्या अंगात होतं. त्याच्या खुणाही होत्या, कागदावर लिहून ठेवलेल्या होत्या, पण प्रत्येक खूण वेगळ्या डॉक्टरांच्या फायलीत पडून होती.

जन्मलो तेव्हा माझे दोन्ही वृषण पोटातच राहिले होते. लहानपणीच शस्त्रक्रिया करून ते खाली आणले आणि "आता सगळं ठीक आहे" असं आईला सांगण्यात आलं. ही झाली एक फाइल. दुसरी माझ्या हातांची. मी उजव्या हाताने लिहायला लागलो की डाव्या हाताची बोटं आपोआप तशीच हलतात. स्क्रू पिळताना दुसऱ्या हातात धरलेली वस्तू हमखास सुटते. शाळेत असताना यासाठी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी "निरुपद्रवी आहे" असा शेरा मारला, आणि तो तेवढ्यापुरता खराही होता. तिसरी गोष्ट म्हणजे मला वास येत नाही. कधीच आलेला नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी फूल नाकाशी धरलं की मान डोलवायची, एवढं मी शिकून घेतलं होतं. एखाद्याचा चष्मा जितका घरात चर्चेचा विषय असतो, तितकाच माझ्या नाकाचा होता.

निदान एका प्रश्नाने झालं. पोटदुखीसाठी मी एका रुग्णालयात गेलो होतो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पोट तपासता तपासता माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मला संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्या बाई वयाने मोठ्या होत्या. त्यांनी जन्मापासूनची हकीकत विचारायला सुरुवात केली. वृषणांच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख आला तशी त्यांची लेखणी थांबली.

"तुला वास येतो का रे?"

मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, "सर्दी असताना येत नाही, की कधीच येत नाही?" कधीच नाही, मी म्हणालो. मग त्यांनी मला दोन्ही हात समोर धरून एकाच हाताची बोटं वाजवायला सांगितली आणि दुसऱ्या हाताकडे बघत राहिल्या. तपासण्या सगळ्या नंतर झाल्या. पण मला काय झालंय हे त्यांना त्या खोलीत, त्या पाच मिनिटांत कळलं होतं, आणि हे मी आजही आदराने सांगतो.

वासाचा आणि वयात येण्याचा संबंध काय, हे मला त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. मुलगा वयात येतो तो मेंदूच्या हुकमावरून. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या मोजक्या पेशी दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच हे संप्रेरक थोडं थोडं सोडतात. त्याने पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि एलएच व एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात पाठवते. एलएचमुळे वृषण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवतात, एफएसएचच्या साथीने शुक्राणू. आता गंमत अशी की जीएनआरएचच्या पेशी मुळात मेंदूत जन्मतच नाहीत. गर्भात त्या नाकाच्या जागी तयार होतात आणि वासाच्या मज्जातंतूंचा माग धरून मेंदूपर्यंत चालत जातात. तो मार्गच नीट तयार झाला नाही तर बाळाला वासही येत नाही आणि त्या पेशीही मुक्कामी पोहोचत नाहीत. १९८९ साली १९ आठवड्यांच्या एका कॅलमनग्रस्त गर्भाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या पेशी मेंदूच्या उंबरठ्याशी, नाकाच्या वरच्या अंगाला अडकून पडलेल्या दिसल्या होत्या.

ही जोडी तशी फार आधीपासून लक्षात आलेली होती. स्पेनमधले शरीररचनातज्ज्ञ माएस्त्रे दे सान हुआन यांनी १८५६ मध्ये एका पुरुषाच्या शवविच्छेदनात वासाच्या नसा नसणं आणि जननेंद्रियं अविकसित असणं या दोन गोष्टी एकत्र नोंदवल्या. फ्रान्झ कॅलमन यांनी १९४४ मध्ये काही कुटुंबांचा अभ्यास करून ती आनुवंशिक असल्याचं दाखवलं. मी हे वाचलं तेव्हा आनंदाऐवजी राग आला. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट, आणि मला तो प्रश्न विचारायला कुणाला सुचलं नाही.

तपासण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखी मुलं त्यांनाच घाबरून मागे फिरतात. वृषणांचा आकार मोजायला डॉक्टरांकडे मण्यांची माळ असते. आंद्रेआ प्राडर या स्विस डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जाते. त्यात १ मिलिलीटरपासून २५ मिलिलीटरपर्यंतचे लंबगोल मणी ओवलेले असतात. एका हाताने मणी चाचपायचा आणि दुसऱ्या हाताने वृषण, एवढीच तपासणी. मिनिटभरही लागत नाही. ४ मिलिलीटरचा मणी आला की मुलगा वयात यायला लागला असं समजतात, आणि चौदाव्या वर्षापर्यंत तो आला नाही तर शोध घ्यायला हवा. मोठ्या माणसाचे साधारण १५ ते २५ असतात. माझे बाविसाव्या वर्षी दोनच्या आसपास होते. चौदाव्या वर्षापासून मला तपासलेल्या एकाही डॉक्टरांनी माझी पँट उतरवायला सांगितली नव्हती. माझ्या लाजेची त्यांनी कदर केली असेल, पण त्या भिडेची किंमत मी मोजली.

रक्ताचा नमुना सकाळी लवकर द्यायचा असतो, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं. माझं लहान मुलाइतकं निघालं आणि एलएच, एफएसएच दोन्ही जवळजवळ नाहीतच. निदानाची मेख इथे आहे. दोष वृषणांत असता, जसा क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये असतो, तर टेस्टोस्टेरॉन कमी पण एलएच, एफएसएच भरपूर दिसले असते, कारण मेंदू हुकूम सोडतच राहतो. माझ्याकडे हुकूमच सुटत नव्हता. वृषणांना काम सांगणारं कुणी नव्हतं. मी वर्षानुवर्षं स्वतःला बिघडलेला समजत होतो आणि बिघाड मला वाटत होता त्या जागी नव्हताच. या एका गोष्टीने मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याच समुपदेशनाने आला नाही.

वासाच्या चाचणीची एक पुस्तिका असते. पान खरवडायचं, हुंगायचं आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. काहीच आलं नाही तरी निवडायचाच. अशा ४० पानांपैकी निव्वळ अंदाजाने दहाएक बरोबर येतात, आणि माझे तेवढेच आले. एमआरआयमध्ये वासाचे कंद, म्हणजे मेंदूतले वासाचे संदेश घेणारे भाग, दोन्ही बाजूंना दिसले नाहीत. सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड नव्हतं. आहे ते एक उत्तम चालतंय आणि एकावर माणूस आयुष्य काढतो, पण आपल्याला एकच आहे हे बाविसाव्या वर्षी कळणं काही बरोबर नाही. हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढलं, ते पंधराच्या आतलं निघालं. म्हणूनच उंची वाढत राहिली होती: हाडांची टोकं बंद करणारं संप्रेरकच अंगात नव्हतं. हाडांची घनता मात्र माझ्या वयाच्या मुलापेक्षा खूपच कमी होती. वाट बघण्यात काही नुकसान नाही असं जे म्हणतात, त्यांनी तो रिपोर्ट बघायला हवा होता.

जनुकीय तपासणीत एएनओएस१ या जनुकातला बदल सापडला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. या आजाराशी संबंध असलेली इतरही बरीच जनुकं आता माहीत आहेत आणि अनेकांच्या बाबतीत तपासणीत काहीच सापडत नाही. एएनओएस१च्या प्रकारात मात्र हातांच्या जोडहालचाली आणि एकच मूत्रपिंड असणं विशेष दिसतं, तेव्हा माझी सगळी लक्षणं एका ओळीत बसली. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळतं. जनुकीय समुपदेशकांनी हे फार जपून सांगितलं, तरी आईने विचारलंच, "म्हणजे माझ्यातून आलं का हे?"

"तुमच्याकडून आलं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही केलं नाहीत."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तिच्या भावाबद्दल सांगायला सुरुवात केली. मामा अविवाहित राहिले. त्यांना दाढी करायची वेळ क्वचितच यायची. घरात काही जळत असलं तरी त्यांना कळायचं नाही. पन्नाशीत साध्या पडण्याने त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्यातून ते उठले नाहीत. सगळे त्यांना ब्रह्मचारी वृत्तीचे म्हणायचे. त्यांना काय झालं होतं हे सांगायला आज कुठला कागद नाही, पण आईच्या आणि माझ्या मनात शंका उरलेली नाही.

उपचार टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी सुरू झाला. आधी कमी मात्रा, मग हळूहळू वाढवत नेली. तेलातलं औषध घट्ट असतं, जाड सुई लागते आणि कुल्ला दोन दिवस ठणकतो. काही महिन्यांत आवाज चिरकायला लागला, मग खाली उतरला. कपाळावर मुरमं आली. रात्री झोपेत कपडे ओले झाले तेव्हा मी घाबरलो नाही, कारण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेराव्या वर्षी मुलांना जे मित्रांत हसतखेळत कळतं, ते मला तेविसाव्या वर्षी एकट्याने, नोकरी शोधता शोधता कळत होतं. अंगात ताकद आली, राग आला, इच्छा आली. आधी मी आकर्षणाबद्दल गप्प बसायचो त्यामागे मानसिक गुंता नव्हता. ते वाटण्यासाठी लागणारं रसायनच शरीरात नव्हतं.

इंजेक्शनचा एक त्रास आधी कुणी सांगत नाही. पहिले काही दिवस माणूस चढा असतो आणि पुढच्या इंजेक्शनच्या आधी पार गळून जातो, चिडचिडा होतो. मला तो हिंदोळा सोसला नाही म्हणून पुढे जेलवर आलो. रोज सकाळी खांद्यावर चोळायचं, वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे आणि ती जागा कपड्याने झाकायची. घरात स्त्रिया आणि लहान मुलं असतील तर हे कडक पाळावं लागतं, कारण कातडीला कातडी लागून औषध त्यांच्या अंगात जाऊ शकतं. ठरावीक काळाने रक्त तपासतात, विशेषतः ते जास्त दाट होत नाही ना हे बघायला. हाडांची घनता पुढच्या तपासण्यांत सुधारत गेली.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. टेस्टोस्टेरॉनने पुरुषाचं शरीर येतं, शुक्राणू येत नाहीत. वीर्य येतं, पण रिकामं. माझ्या डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याच आजाराचे इतर जण मला नंतर भेटले. त्यांतल्या काहींना हे लग्नानंतर, मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावर कळलं होतं. काहींना "तुम्हाला मूल होणार नाही" असं सरळ सांगून टाकलं होतं, आणि ते खरं नव्हतं. पुरुष वंध्यत्वाच्या कारणांमध्ये औषधाने थेट उपाय होतो अशी कारणं थोडी आहेत आणि हे त्यांपैकी एक आहे.

लग्न ठरण्याआधी मी तिला सगळं सांगितलं. रिपोर्टसह. तिने पहिला प्रश्न विचारला तो मुलाबद्दलचा नव्हता. तिने विचारलं, "गॅस गळला तर तुला कळणार नाही?" आमच्या घरात गॅसची गळती ओळखणारा अलार्म त्यामुळे पहिल्या दिवसापासून आहे, धुराचाही आहे. वास न येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ते असावेत. ओळखायला दुसरा उपाय नाही.

मूल हवं असं ठरल्यावर जेल बंद झालं आणि दुसरा उपचार सुरू झाला. माझे वृषण फारच लहान होते म्हणून आधी काही महिने फक्त एफएसएच दिलं. त्याने वृषणातल्या शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी वाढतात. मग त्याला एचसीजीची जोड दिली. एचसीजी हे गर्भारपणातलं संप्रेरक, पण ते एलएचचंच काम करतं. आठवड्यातून दोन-तीनदा पोटाच्या कातडीखाली टोचायचं, आणि ते स्वतःच. काचेची कुपी फोडायची, पाणी ओढून पावडरच्या बाटलीत सोडायचं, बाटली झटकायची नाही, तळहातांत फिरवायची, बुडबुडे काढायचे, सुई बदलायची, बेंबीपासून दोन बोटं बाजूला चिमूट धरायची. सुरुवातीला कुपी फोडताना बोट कापायचं. नंतर गप्पा मारता मारता व्हायला लागलं.

टेस्टोस्टेरॉन आता माझं स्वतःचं होतं. रक्तात ते वाढलेलं दिसलं तेव्हा जो आनंद झाला तो शब्दांत मावणारा नाही. आजवर अंगात आलेलं प्रत्येक थेंब बाहेरून आलेलं होतं. हे माझ्या वृषणांनी बनवलं होतं. मण्यांच्या माळेवरही आकडा सरकत होता.

शुक्राणूंनी मात्र वाट पाहायला लावली. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, आणि या उपचारात ते दिसायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ जाऊ शकतो. ज्यांचे वृषण जन्मतः खाली उतरलेले नव्हते त्यांची शक्यता आणखी कमी. माझे रिपोर्ट शून्य, शून्य असेच येत राहिले. त्या दिवसांत बायको रिपोर्ट आधी स्वतः उघडायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर सांगायची, म्हणजे मला कामाच्या ठिकाणी एकट्याने वाचायला लागू नये. वर्ष उलटून गेल्यावर एका रिपोर्टमध्ये "तुरळक, काही हालचाल करणारे" असं लिहून आलं. डॉक्टरांनी लगेच नमुना गोठवून ठेवायला सांगितला. संख्या पुढेही सर्वसाधारण प्रमाणाच्या खूप खाली राहिली. पण या आजारात कमी संख्येवरही नैसर्गिकरीत्या गर्भ राहतो, हे त्यांनी सांगितलं होतं, आणि तसंच झालं. आम्हाला मुलगी झाली.

ती वाहक आहे, म्हणजे जनुकातला हा बदल तिच्यात आहे आणि पुढे तिच्या मुलांत जाऊ शकतो, हे ती व्हायच्या आधीपासून आम्हाला माहीत होतं. माझं एकमेव एक्स तिला मिळणारच होतं. मुलगा झाला असता तर त्याला माझं वाय मिळालं असतं आणि तो यातून सुटला असता. गर्भ राहण्यापूर्वी समुपदेशकांसमोर बसून आम्ही या सगळ्याचा विचार केला होता. ती मोठी झाल्यावर तिला सगळं सांगायचं, हे तेव्हाच ठरलं. तिच्या आजीला कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

माझ्या बहिणीनेही मग तपासून घेतलं. तीही वाहक निघाली. तिच्या मुलात तो बदल येण्याची शक्यता निम्मी होती. मुलगा जन्मला तेव्हा त्याचा एक वृषण खाली नव्हता. मुलग्यांमध्ये जन्मानंतरचे पहिले काही महिने एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन काही काळ वर जातात आणि मग वयात येईपर्यंत शांत होतात. ती खिडकी उघडी असताना तपासलं तर पुढची कैक वर्षं वाया जात नाहीत. भाच्याचं रक्त दुसऱ्या महिन्यात घेतलं. तिन्ही आकडे खाली होते. जनुकातला बदलही तोच निघाला. मूत्रपिंडं दोन्ही आहेत.

वृषण खाली आणण्याची शस्त्रक्रिया त्याचं वर्ष भरायच्या सुमारास झाली. त्याआधी लिंगाच्या वाढीसाठी टेस्टोस्टेरॉनचा छोटा कोर्स दिला. बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याच्या वर्गातली मुलं वयात येतील तेव्हा त्याचाही उपचार सुरू होईल. आधी एफएसएच द्यायचं की थेट टेस्टोस्टेरॉन, यावर त्याचे डॉक्टर आणि माझे डॉक्टर आतापासून बोलतात. बहीण दर भेटीत त्याच्या उंचीचा तक्ता माझ्यासमोर ठेवते आणि विचारते, "दादा, तुझी या वयात किती होती?" मी आईकडून विचारून सांगतो.